दृश्याची शिस्त : इब्राहिम अल्काझी आणि मराठी नाट्यविचार

मराठी रंगभूमीच्या इतिहासलेखनात इब्राहिम अल्काझी हे नाव येते ते बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी संदर्भात. विजया मेहता यांच्या घडणीविषयी लिहिताना त्यांचे गुरू म्हणून, सत्यदेव दुबे यांच्याविषयी लिहिताना 'थिएटर युनिट'चे आधीचे सूत्रधार म्हणून, किंवा दिल्लीहून शिकून आलेल्या एखाद्या नटनटीच्या परिचयात. स्वतंत्र विषय म्हणून ते फारसे येत नाहीत. वास्तविक हा माणूस १८ ऑक्टोबर १९२५ रोजी पुण्यात जन्मला, पुण्याच्या सेंट व्हिन्सेंट शाळेत शिकला, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात गेला, आणि १९५१ पासून १९६२ पर्यंत, म्हणजे मराठीतील प्रायोगिक जाणीव आकार घेत होती नेमक्या त्याच काळात, मुंबईत नाटके बसवीत व शिकवीत होता. तो इंग्रजीतून नाटके करीत होता, हे या अनुल्लेखाचे सरळ उत्तर आहे. ते खोटे नाही. पण पुरेसेही नाही. इंग्रजी कवितेचा मर्ढेकरांवरील संस्कार आपण पानेच्या पाने तपासतो. इंग्रजी नाटक मुंबईत, मराठी नाट्यगृहांपासून हाकेच्या अंतरावर, प्रत्यक्ष उभे राहत होते. त्याचा विचार मात्र आपल्या अभ्यासाच्या कक्षेत येत नाही. ही मोकळी जागा का राहिली, हा प्रश्न अल्काझींविषयी जितका आहे तितकाच आपल्या नाट्यसमीक्षेच्या स्वरूपाविषयी आहे.

आपली नाट्यसमीक्षा संहितेची समीक्षा आहे. नाटककाराविषयी बोलताना तिच्यापाशी आशय, रचना, व्यक्तिरेखन, संघर्ष, शोकात्मता अशी संज्ञांची मोठी शिदोरी असते. दिग्दर्शकाविषयी बोलण्याची वेळ आली की ती 'बांधीव', 'सफाईदार', 'कल्पक' अशा चार विशेषणांवर भागवते. याला परंपरेचे कारण आहे. संगीत नाटकाच्या काळी मंडळीत दिग्दर्शक हा स्वतंत्र कलावंत नव्हता, तालीममास्तर होता. देवलांसारखा नाटककारच तालीममास्तर असे, तेव्हा नाटक लिहिणे आणि ते नटाच्या तोंडी बसवणे ही एकाच क्रियेची दोन टोके होती. नटाच्या हाती पडे ती त्याच्या भूमिकेची 'नक्कल', अख्खे नाटक नव्हे. ती पाठ करायची, मास्तरांनी म्हणून दाखवलेला आघात उचलायचा, आणि पुढे वर्षानुवर्षे त्यात आपली भर घालत राहायचे. या पद्धतीने थोर नट घडले, हे विसरून चालणार नाही. परंतु या पद्धतीत शिकवले जाते ते 'एक' नाटक. रंगभूमी ही स्वतंत्र शिकण्याची वस्तू आहे, तिला प्रकाश, वस्त्र, अवकाश, इतिहास आणि झाडलोट अशी अंगे आहेत, ही कल्पना त्या व्यवस्थेत संभवत नव्हती. अल्काझी हे या दुसऱ्या कल्पनेचे आपल्याकडील सर्वांत ठाम प्रतिनिधी होत. त्यामुळे संहिताकेंद्री समीक्षेला ते दिसले नाहीत, यात नवल नाही.

पुढे जाण्यापूर्वी एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. ज्या प्रयोगांवर अल्काझींची कीर्ती उभी आहे ते प्रस्तुत लेखकाने पाहिलेले नाहीत. उपलब्ध आहे ती छायाचित्रे, परीक्षणे, विद्यार्थ्यांच्या आठवणी, आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेले त्यांच्या कन्या अमाल अल्लाना यांनी लिहिलेले इंग्रजी चरित्र. छायाचित्रात आवाज नसतो. ज्या दिग्दर्शकाला आपण मुख्यतः छायाचित्रांतून ओळखतो तो आपल्याला दृश्यप्रधान वाटणारच, हा धोका या लेखाच्या शीर्षकालाही लागू आहे. तो मान्य करूनच पुढील विवेचन करावे लागते.

अल्काझींचे घर अरबी भाषेचे. वडील सौदी अरेबियातून व्यापारासाठी आलेले, आई कुवेतची. फाळणीनंतर कुटुंबातील इतर मंडळी देश सोडून गेली, इब्राहिम राहिले. तरुणपणी ते सुलतान पदमसी यांच्या 'थिएटर ग्रुप'मध्ये आले. सुलतान पदमसी हे चित्रकार, कवी आणि दिग्दर्शक. १९४६ साली ऐन तारुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांची बहीण रोशन हिच्याशी अल्काझींचा विवाह त्याच वर्षीचा. रोशन अल्काझी या पुढे त्यांच्या नाटकांच्या वेशभूषाकार झाल्या आणि प्राचीन भारतीय वेशभूषेच्या अभ्यासक म्हणून स्वतंत्र मान्यता पावल्या. त्यानंतर लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट, १९५१ मध्ये परत मुंबई, १९५४ मध्ये 'थिएटर ग्रुप'पासून वेगळे होऊन 'थिएटर युनिट'. हा तपशील सर्वत्र मिळतो. त्यावर अधिक रेंगाळण्याचे कारण नाही.

रेंगाळावे असे ठिकाण म्हणजे वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्था. तेथे एकाच छपराखाली चित्रकारांना स्टुडिओ होते, रविशंकरांचे संगीताचे वर्ग होते आणि अल्काझींची नाट्यशाळा होती. हुसेन, गायतोंडे हे तेथे काम करीत. ज्या नाटकवाल्याचा शेजार चित्रकारांचा असतो त्याची रंगमंचाकडे पाहण्याची दृष्टी निराळी होते. मराठी नाटकवाल्याचा शेजार त्या काळी साहित्यिकांचा होता, आणि त्याआधी गवयांचा. हे केवळ चरित्रातील योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. रंगमंच ही बोलण्याची जागा की पाहण्याची, या प्रश्नाची दोन उत्तरे मुंबईच्या दोन टोकांना तयार होत होती. गिरगाव-दादरकडचे उत्तर आपल्या ग्रंथांत आले.

कंबाला हिलवर राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी 'मेघदूत' नावाचे उघडे नाट्यगृह केले, ही गोष्ट नेहमी त्यांच्या जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच. पण तिच्यातील वाङ्मयबाह्य विचार अधिक महत्त्वाचा आहे. नाट्यगृह ही तयार मिळणारी, भाड्याने घ्यायची वस्तू नाही. प्रयोगाने ती आपली आपण निर्माण करायची असते, हे त्या गच्चीने सिद्ध केले. पुढे दिल्लीत रवींद्र भवनाच्या आवारात झाडाखाली त्यांनी जे खुले नाट्यगृह बांधले त्यालाही 'मेघदूत' हेच नाव दिले. गच्ची, झाडाखालचा चौथरा, किल्ल्याचे भग्नावशेष : त्यांच्या कारकिर्दीचा आलेख नाटकांच्या नावांपेक्षा या जागांच्या नावांनी अधिक नेमका काढता येईल.

१९६२ मध्ये ते राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले. विद्यालय संगीत नाटक अकादमीने १९५९ मध्ये स्थापन केलेले. त्याला रूप आले ते अल्काझींच्या पंधरा वर्षांत. ग्रीक शोकान्तिका, शेक्सपिअर, मोलिएर, चेखव, ब्रेख्त यांच्या जोडीला संस्कृत नाटक, जपानी रंगपरंपरा आणि समकालीन भारतीय नाटक असा अभ्यासक्रम, चित्रकला-शिल्पकलेचा इतिहास, नेपथ्याचे सुतारकाम विद्यार्थ्यांनी स्वतः करायचे, वस्त्रे शिवायची, दिवे लावायचे. संडास स्वच्छ नसेल तर संचालक स्वतः झाडू हाती घेत, ही आठवण त्यांच्या विद्यार्थ्यांकडून वारंवार सांगितली गेली आहे. १९६४ मध्ये विद्यालयाचे स्वतःचे रंगमंडळ सुरू झाले, त्यामुळे शिकून बाहेर पडणाऱ्या नटाला पगारी नट म्हणून उभे राहण्याची एक तरी जागा निर्माण झाली.

'शिस्त' हा शब्द अल्काझींविषयी इतक्या वेळा वापरला गेला आहे की त्याचा अर्थ झिजून गेला आहे. सामान्यतः त्याने वेळेवर येणे, न बोलता ऐकणे आणि गुरुजींचा धाक एवढेच सूचित होते. धाक होता, यात शंका नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी अनेकांनी आदर आणि अढी या दोन्ही भावना एकाच परिच्छेदात नोंदवल्या आहेत. नसीरुद्दीन शाह यांचे २०१४ मधील आत्मकथन या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. परंतु शिस्तीचा याहून खोल अर्थ असा की, नटाचे अंतःकरण हे अभिनयाचे एकमेव उगमस्थान नाही. नट ज्या जागी उभा आहे, त्याच्या अंगावर जे कापड आहे, त्याच्यावर ज्या कोनातून प्रकाश पडतो आहे, ती सगळी द्रव्ये अर्थ निर्माण करीत असतात आणि नटाने त्यांच्याशी संबंध जोडायचा असतो. झाडू हाती घेण्याचा संबंधही याच्याशीच आहे. रंगस्थळाला जो पवित्र मानतो त्याला त्याचा मागचा भाग अस्वच्छ ठेवता येत नाही. आपल्या हौशी रंगभूमीत भावनेचा सच्चेपणा हे सर्व त्रुटींवरचे प्रायश्चित्त समजले जाते. राज्य नाट्यस्पर्धेचे प्रयोग पाहिलेल्या कुणालाही हे पटावे. त्या पार्श्वभूमीवर हा विचार कठोर वाटतो. तो आपल्याला हवा होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मात्र या विचाराच्या आत एक अडचण दडलेली आहे. नट हे अनेक द्रव्यांपैकी एक द्रव्य ठरला की त्या द्रव्यांचे संयोजन करणारी एकच दृष्टी उरते, ती दिग्दर्शकाची. शाळेत हाच दिग्दर्शक शिक्षक असतो आणि संस्थेचा प्रमुखही असतो. कलादृष्टी, अध्यापन आणि प्रशासन या तीन सत्ता एका व्यक्तीत एकवटल्या की विद्यार्थ्याच्या चुकण्याला जागा कोठे राहते? प्रायोगिक रंगभूमीची व्याख्याच चुकण्याच्या हक्कावर उभी असते. अल्काझींच्या विद्यालयात प्रयोगांचा दर्जा इतका उच्च होता की विद्यार्थ्यांचे नाटक पाहायला दिल्लीतील जाणता प्रेक्षक लोटे. शाळेच्या यशाचे हे गमक की शाळेचे शाळापण हरवल्याची ही खूण? दोन्ही म्हणता येते, आणि या दोहोंतून एक निवडण्याचे टाळलेले बरे.

आता त्या प्रयोगांकडे वळू. धर्मवीर भारतींचे 'अंधा युग' १९५० च्या दशकातले, मुळात नभोवाणीचा विचार करून लिहिले गेलेले काव्यनाटक. अल्काझींनी ते १९६३ मध्ये दिल्लीत फिरोजशहा कोटल्याच्या भग्नावशेषांत केले. प्रेक्षकांत पंडित नेहरू होते. चीनबरोबरच्या युद्धाला जेमतेम वर्ष होत होते. युद्ध संपल्यावरच्या संध्याकाळी विजेते आणि पराभूत दोघेही कसे अंध उरतात हे सांगणारे नाटक, खऱ्या पडक्या भिंतींपुढे, स्वातंत्र्यानंतरच्या स्वप्नांचा प्रमुख शिल्पकार समोर बसलेला असताना. या प्रसंगाचा अर्थ संहितेत सापडणार नाही. तो फक्त प्रयोगात होता. संहितेची कितीही सूक्ष्म चिकित्सा केली तरी १९६३ चा तो प्रयोग काय 'म्हणत' होता हे कळणार नाही, कारण त्याच्या विधानाचा अर्धा भाग दगडांनी आणि प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेने केला होता.

याच्या पुढची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. गिरीश कार्नाडांचे 'तुघलक' अल्काझींनी सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात पुराण्या किल्ल्यात केले, ब. व. कारंत यांचे हिंदुस्थानी भाषांतर, मनोहर सिंह तुघलकाच्या भूमिकेत. हा प्रयोग भारतीय रंगभूमीच्या स्मृतीत एक प्रमाण म्हणून स्थिरावला आहे. आता जागांची अदलाबदल पाहावी. फिरोजशहा कोटला वसवला तो महंमद तुघलकाचा चुलतभाऊ आणि वारस फिरोजशहा तुघलक याने, चौदाव्या शतकात. पुराना किल्ला हुमायून आणि शेरशहाच्या काळचा, सोळाव्या शतकातला. परंतु लोकसमजूत त्याला पांडवांचे इंद्रप्रस्थ मानते. म्हणजे महाभारताचे नाटक प्रथम झाले ते तुघलकांच्या वास्तूत, आणि तुघलकाचे नाटक झाले ते लोकमानसातील इंद्रप्रस्थात! १९७४ मध्ये 'अंधा युग'देखील पुराण्या किल्ल्यात आले तेव्हा ही घडी एका अर्थी बसली. पण मूळची अदलाबदल कोणाला खटकल्याचे दिसत नाही, आणि खटकू नये हेच सूचक आहे. या वास्तू अल्काझींना ऐतिहासिक पुरावा म्हणून नको होत्या. त्यांना हवा होता तो 'गतकाल' हा सर्वसाधारण अनुभव : उंची, भग्नता, अंधारात हरवणारी पायरी. इतिहास हा त्यांच्या रंगभूमीत कालक्रम नसून पोत आहे.

येथे एक गंभीर आक्षेप घ्यावासा वाटतो. 'तुघलक'च्या रचनेमागे पारशी नाटकाची युक्ती आहे, हे कार्नाडांनी स्वतःच सांगितले आहे. पारशी नाटकात एक प्रवेश पुढच्या पडद्यासमोर उथळ जागेत होई, तेवढ्यात मागे पुढच्या भव्य प्रवेशाची मांडामांड चाले. उथळ प्रवेश हलक्याफुलक्या, खालच्या थरातील पात्रांचे. खोल प्रवेश राजवाड्याचे. कार्नाडांनी ही वाटणी घेतली आणि ती आतून पोखरली. अझीझ हा धोबी उथळ जागेतून हळूहळू खोल जागेत शिरतो आणि शेवटी सुलतानाच्या समोर उभा राहतो. नाटकाचा राजकीय आशय या अतिक्रमणात आहे. हे अतिक्रमण जाणवायला पडदा हवा, म्हणजे ओलांडण्याची रेषा हवी. किल्ल्याच्या विस्तीर्ण उघड्या अवकाशात पडदा नाही. तेथे आहेत उंचीचे अनेक स्तर. सुलतान उंचावर, प्रजा खाली. त्यामुळे अंतर फार प्रभावीपणे दिसते, पण ते अंतर स्थिर होते. रेषा ओलांडली जाण्याऐवजी दरी रुंद होत जाते. एकाकी, भव्य, स्वतःच्या बुद्धीने जळणारा सुलतान हे या प्रयोगाचे केंद्र झाले, आणि त्याचा विद्रूप आरसा असलेला अझीझ दुय्यम ठरण्याची शक्यता वाढली. प्रयोगाची छायाचित्रे पाहिली तर डोळ्यांत राहतो तो एकटा मनोहर सिंह. येथे पुन्हा छायाचित्रांच्या पक्षपाताची आठवण ठेवायला हवी. कॅमेरा नायकाकडेच वळतो. तरीही, भव्यतेने नाटकातील उपरोध काहीसा गिळला असावा, असे अनुमान करायला जागा आहे. मराठीत तेंडुलकरांनी केलेल्या 'तुघलक'च्या भाषांतराला असा किल्ला मिळाला नाही, आणि त्यात आपले नुकसानच झाले असे म्हणता येणार नाही.

दृश्याकडे इतके लक्ष दिल्यावर शब्दाचे काय झाले, असा प्रश्न साहजिकच येतो. अल्काझींनी ज्या भाषांत शिकवले आणि नाटके केली त्यांपैकी कोणतीच त्यांची घरची भाषा नव्हती. इंग्रजी कमावलेली, हिंदी-उर्दू त्याहून उशिरा, मोठ्या श्रमाने. असा मनुष्य भाषेकडे मातृभाषकाच्या निष्काळजी सहजतेने पाहू शकत नाही. तो तिच्याकडे बाहेरून, द्रव्य म्हणून पाहतो. उच्चार, श्वास, वाक्याचा तोल यांविषयी त्यांचा आग्रह दृश्याविषयीच्या आग्रहाइतकाच होता, असे त्यांच्या नटांच्या पुढील कामावरून दिसते. हिमाचलातून आलेले मनोहर सिंह, उत्तर प्रदेशातील सुरेखा सीक्री, मराठीभाषक उत्तरा बावकर यांचे वाक्कौशल्य हे केवळ उपजत देणगीचे फळ मानता येणार नाही. पण एक उणीव राहिली, आणि ती मूलभूत आहे. बोली या शिक्षणक्रमाच्या परिघावर राहिल्या. देशभरातून आलेल्या विद्यार्थ्याने आपली भाषा वसतिगृहात ठेवून वर्गात हिंदीत यायचे, ही 'राष्ट्रीय' या विशेषणाची किंमत होती, आणि ती हिंदीभाषक सोडून इतरांनीच मोजली.

येथेच देशीवादी आक्षेपाचा विचार करणे क्रमप्राप्त होते. अल्काझींनी लंडनच्या नाट्यशाळेचा साचा दिल्लीत आणून बसवला, परंपरेशी त्यांचे नाते प्रेक्षकाचे होते, असे म्हटले गेले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस 'मुळांच्या रंगभूमी'चा पुकारा सुरू झाला तेव्हा ते या चळवळीचे सोयीस्कर प्रतिपक्ष ठरले. या आक्षेपात तथ्य किती? तुलनेसाठी हबीब तन्वीर यांचे उदाहरण उद्बोधक आहे. तेही पन्नाशीच्या दशकात लंडनच्या त्याच अकादमीत गेले, तेथील शिक्षण आपल्या कामाचे नाही असे ठरवून बाहेर पडले, आणि पुढे छत्तीसगढी नाचा कलावंतांना घेऊन 'चरणदास चोर'पर्यंत (१९७५) पोचले. एकाच दारातून आत गेलेले दोघे दोन दिशांना बाहेर पडले, यावरून दोष दाराचा नाही एवढे तरी सिद्ध होते. तन्वीरांना नट तयार मिळाले, लोकपरंपरेने घडवलेले. त्यांनी त्यांना मोकळे केले. अल्काझींसमोर आलेले तरुण कोणत्याच परंपरेने घडलेले नव्हते. ते बहुतांशी शहरी-निमशहरी, शिकलेले, मुळे तुटलेले होते. अशा मुलांना 'मुळांकडे जा' म्हणणे सोपे असते. त्यांना उभे कसे राहायचे, पाहायचे कसे हे शिकवणे अवघड. देशीयतेचा विचार करताना आपण ज्यांच्याविषयी बोलतो त्या नटाची प्रत्यक्ष सामाजिक स्थिती काय आहे, याचा विसर पडतो.

शिवाय विद्यालय म्हणजे एकटे अल्काझी नव्हेत. शांता गांधींनी भासाची नाटके त्याच विद्यालयात केली आणि गुजराती भवाईवर आधारित 'जस्मा ओडन' १९६८ मध्ये तेथेच उभे केले. नेमिचंद्र जैन तेथे शिकवीत. कार्ल वेबर आणि फ्रिट्झ बेनेविट्झ यांनी ब्रेख्त तेथे आणला. आणि ज्यांनी पुढे परंपरेकडे तोंड वळवले ते ब. व. कारंत, रतन थिय्याम, बन्सी कौल, नीलम मानसिंह चौधरी हे सारे याच शाळेतून बाहेर पडले. थिय्याम यांनी १९७६ मध्ये इम्फाळला आपली मंडळी स्थापन केली आणि मणिपुरी परंपरेतून आपली रंगभाषा घडवली. परंतु त्यांच्या प्रयोगातील काळ्या अवकाशातून उमटणाऱ्या आकृती, प्रकाशाचा काटेकोर हिशेब, वस्त्राचा शिल्पासारखा उपयोग हे सारे पाहताना गुरू कोण हे विचारावे लागत नाही. शिष्याने गुरूची नाटके टाकली आणि नजर ठेवली. तालीममास्तरांच्या पद्धतीत याच्या उलट घडत असे; शिष्य गुरूचे नाटक ठेवी आणि ते वर्षानुवर्षे गिरवी.

मराठीपुरते पाहायचे तर चित्र विखुरलेले आहे. विजया मेहता अल्काझी आणि अदी मर्झबान या दोघांकडे मुंबईत शिकल्या. 'झिम्मा' या आत्मकथनात त्यांनी त्या दिवसांविषयी लिहिले आहे. १९६० मध्ये 'रंगायन' निघाली. मराठी समीक्षा 'रंगायन'चा विचार तेंडुलकर, खानोलकर, एलकुंचवार या नाटककारांच्या अंगाने करते. बाईंच्या प्रयोगांतील आकृतिबंधाची स्वच्छता, रंगमंचावरील रिकाम्या जागेचे भान, नटाच्या शरीराचा सजग वापर यांचे मूळ शोधायचे तर भुलाभाई संस्थेतील त्या वर्गांपर्यंत जावे लागेल, आणि तसा तपशीलवार अभ्यास व्हायला हवा. दिल्लीला गेलेल्यांत सई परांजपे होत्या. रोहिणी आणि जयदेव हट्टंगडी परत आले आणि लोर्काच्या 'येर्मा'वरून केलेले 'चांगुणा' जयदेवांनी मराठीत उभे केले. कमलाकर सोनटक्के यांनी औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभागाची बांधणी केली, म्हणजे दिल्लीच्या शाळेची एक पारंबी पुण्या-मुंबईला वळसा घालून मराठवाड्यात रुजली. मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीला मात्र या शिक्षणाची फारशी गरज भासली नाही. तिच्याकडे नाटककार होते, गाजलेले नट होते आणि प्रेक्षक होता.

१९७७ मध्ये अल्काझींनी विद्यालय सोडले. कारंत संचालक झाले. अल्काझी तेव्हा बावन्नाव्या वर्षात होते. त्यानंतरची चार दशकांहून अधिक वर्षे त्यांनी मुख्यतः चित्रांना दिली. रोशन यांच्यासह 'आर्ट हेरिटेज' हे कलादालन, आणि पुढे एकोणिसाव्या शतकापासूनच्या छायाचित्रांचा प्रचंड संग्रह. मधे १९९२ च्या सुमारास ते रंगमंडळासाठी परत आले, कार्नाडांचे 'रक्तकल्याण' केले. 'लिव्हिंग थिएटर' ही शिक्षणाची नवी खटपटही केली. पण सत्तरच्या दशकातील केंद्रस्थान त्यांना पुन्हा मिळाले नाही, आणि ते त्यांनी मागितल्याचेही दिसत नाही. पद्मविभूषण २०१० मध्ये आले. ४ ऑगस्ट २०२० रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. नाटकातून छायाचित्रांकडे जाणे ही अनेकांना निवृत्ती वाटली. ज्याची कला रात्री दहानंतर नाहीशी होते अशा माणसाने, नाहीसे होणाऱ्याला धरून ठेवणाऱ्या वस्तू जमवाव्यात, यात त्याच्या रंगकार्याचीच संगती आहे असे मानणे अधिक योग्य.

या सगळ्यात सत्यदेव दुबे यांचे स्थान कोठे? दिल्लीला जाताना अल्काझी मुंबईतील 'थिएटर युनिट' ज्यांच्या हाती सोडून गेले ते दुबे. 'अंधा युग' रंगमंचावर प्रथम आणले ते दुबे यांनीच, मुंबईत, १९६२ मध्ये. दिल्लीच्या कोटल्याच्या एक वर्ष आधी. त्यांच्यापाशी किल्ला नव्हता, रंगमंडळ नव्हते, सरकारी अनुदान नव्हते. पुढे दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात, जेथे बाकडी सरकवून रंगमंच करावा लागे आणि पंख्याच्या आवाजावर मात करून बोलावे लागे, तेथे त्यांनी आणि त्यांच्या भोवतीच्या मराठी, हिंदी, गुजराती तरुणांनी नाटके केली. दुबे यांच्या तालमीत भर असे तो वाक्यावर. एक वाक्य तासभर, आघात बदलून, अर्थ बदलून, नट रडकुंडीला येईपर्यंत. नेपथ्य बहुधा एखादी खुर्ची. दृश्याच्या एवढ्या मोठ्या आचार्याने मागे ठेवलेली संस्था शब्दाच्या एवढ्या हट्टी उपासकाच्या हाती जावी, आणि त्या दोघांनी एकच नाटक वर्षाच्या अंतराने, एकाने भग्न दुर्गात व दुसऱ्याने जवळजवळ काहीच नसताना करावे, यावर आपल्याकडे अजून कोणी नीट लिहिलेले नाही. छबिलदासविषयी लिहिताना आपण तेथील गरिबीचे कौतुक करतो. त्या रिकाम्या सभागृहात प्रेक्षकांना तीन बाजूंनी बसवायचे की एका, नटाने दारातून यायचे की प्रेक्षकांतून, याचा निर्णय दर वेळी नव्याने घेतला जात होता. नाट्यगृह ही तयार मिळणारी वस्तू नाही, हे मुंबईत आधी एका गच्चीवर ठरलेले होते.